आठ नारळांचे वजन

मिस्तरी कधी दाराकडे पाठ करून बसले नाहीत. आमच्या ओट्यावर आले तरी आधी मागे पाहायचे, बाजूला पाहायचे आणि मग भिंतीला पाठ लावून टेकायचे. चहाचा कप हातात दिला की म्हणायचे, "बाई, तुमना घरले दुसरं दार नही."

"दोन खोल्यांच्या घराला किती दारं हवीत, मिस्तरी?"

"दोन. एक येवाले, एक पयाले."

यायला एक आणि पळायला एक. त्यांची बोली पारोळ्याकडची. कानात राहिली आहे तशीच मी ती इथे लिहिते. अडलात तर तुमच्या बाबाला विचारा, त्याला अजून येते.

मागच्या आठवड्यात तुमच्यातल्या धाकट्याने फोनवर सांगितले, की कंपनीने त्याला कामावरच्या सुरक्षिततेचा कोर्स करायला लावला, परीक्षा घेतली आणि सर्टिफिकेटही दिले. "आजी, मला तर झोप येत होती गं," म्हणून तो हसला. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मिस्तरी डोळ्यांपुढे आले. अशाच एका कागदासाठी त्यांनी काय सोसले, ते तुम्हाला ठाऊक असावे असे वाटले. त्यात माझा भाग फारसा चांगला नाही. तोही लिहिते.

एकोणीसशे साठचे दशक सरत आले होते. आम्ही जळगावात एका तेलगिरणीच्या मागच्या चाळीत राहत होतो. चाळ गिरणीच्या शेठांचीच. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे, आजोबा कोर्टात कारकून होते आणि तुमचा बाबा दीड वर्षाचा होता. आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत, मग एक बोळ, आणि बोळापलीकडे गिरणीचे बॉयलरघर. मी एकदा पावलांनी मोजले होते. बाबाच्या पाळण्यापासून बॉयलरपर्यंत सव्वीस पावले.

बॉयलर म्हणजे आडवे झोपवलेले, खोलीएवढे लोखंडी पिंप. पोटाखाली शेंगांची टरफले जाळायची, आतल्या पाण्याची वाफ करायची, आणि ती वाफ नळाने नेऊन शेंगदाणे आणि सरकी गरम करायची, म्हणजे तेल सुटते. या पिंपाची सगळी जबाबदारी मिस्तरींवर होती. पंचेचाळिशीचा, काटक, खाकी अर्ध्या चड्डीतला माणूस. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग. तरुणपणी धुळ्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, ते बॉयलरच्या आगीवर जळण टाकायचे काम करत. बॉयलरमधले पाणी किती आहे हे दाखवणारी काचेची नळी एक दिवस फुटली. त्यांचा हात भाजला, त्यांच्या उस्तादांचे डोळे गेले. तेव्हापासून मिस्तरींच्या तोंडी एकच वाक्य बसले, "माले भ्याव वाटस." इतर लोक आपले गाव सांगतात तसे ते हे सांगत. लाज नाही, तक्रार नाही.

गिरणीतले लोक त्यांची थट्टा करत. "मिस्तरी, लगीनना मांडवमा बी पयाले दार देखं व्हतं का?"

"देखं. तठे सासरा उभा व्हता."

बॉयलरवर घड्याळासारखी एक तबकडी होती. आत वाफेचा दाब किती झाला ते तिचा काटा दाखवायचा, आणि जिथे थांबलेच पाहिजे तिथे तांबडी रेघ होती. मिस्तरी काटा नेहमी रेघेच्या दोन बोटे खाली ठेवत. शेठ वैतागत. "मिस्तरी, बॉयलर आहे तो, दुधाचं पातेलं नाही."

"दूध उतू गयं ते चूल इझस, शेठ. हाई उतू गयं ते आपन इझसूत."

असा हा माणूस आठ वर्षे दुसऱ्याच्या सर्टिफिकेटवर काम करत होता. बॉयलर चालवणाऱ्याने सरकारची परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवलेले असले पाहिजे आणि ते बॉयलरघरात लावलेले असले पाहिजे, असा कायदा. भिंतीवर चौकटीत एक सर्टिफिकेट होतेही. पण ते ज्याचे होते तो म्हातारा केव्हाच काम सोडून जामनेरकडे मुलाजवळ राहायला गेला होता. बॉयलर तपासणारे साहेब आले की शेठ म्हाताऱ्याच्या नावावर दुसऱ्याच कोणाला पुढे करत आणि मिस्तरींनी हमालांत उभे राहायचे. मिस्तरी म्हणत, "काही झायं ते चौकटमधला काय भाजाव नही. भाजसू मीच."

एका वर्षी साहेबांनी चौकटीतल्या फोटोकडे पाहिले, मग समोर उभ्या केलेल्या माणसाकडे पाहिले, आणि हंगाम संपायच्या आत सर्टिफिकेटवाला माणूस न दिसल्यास बॉयलर बंद करीन असे बजावून गेले. शेठनी मिस्तरींना सांगितले, "परीक्षा द्या, नाहीतर मी धुळ्याहून दुसरा माणूस आणतो." बायको, तीन मुली, आणि हातांना येणारे एकच काम. मिस्तरी त्याच संध्याकाळी नियमांचे इंग्रजी पुस्तक घेऊन आमच्या ओट्यावर आले.

परीक्षा तोंडी असायची आणि मराठीत उत्तरे चालायची. तरी पुस्तक समजायला हवे. मी एक वही केली. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. रोज संध्याकाळी सहाला, त्यांची पाळी सुटल्यावर, तासभर. त्यांना सगळे येत होते. हातांना येत होते. पण मी साहेबांचा आवाज काढून विचारले की त्यांच्या कपाळावर घाम यायचा.

"काचेत पाणी दिसेनासं झालं. काय कराल?"

"भ्याव वाटी."

"ते मनात, मिस्तरी. तोंडानं काय सांगाल?"

"आग काढसू. पानी नही घालाव. तापेल लोखंडवर थंड पानी पडनं का बठ्ठं उडी."

"सगळंच उडेल. अगदी बरोबर."

"बरोबर शे म्हनीसन ते भ्याव वाटस."

अर्जाचा कागदही मीच भरला. त्यावर मालकाची सही लागत होती. हा माणूस आमच्याकडे इतकी वर्षे बॉयलरवर आहे, निर्व्यसनी आहे, अशी. शेठनी कागद ठेवून घेतला. त्यांच्या घरात वद्य पक्षात नव्या कागदावर सही करत नसत. "अमावास्या जाऊ द्या, प्रतिपदेला करतो," म्हणाले. अमावास्येला सहा दिवस होते.

त्याच संध्याकाळी आम्ही सेफ्टी वॉल्व्हच्या पाठापाशी आलो. प्रेशर कुकरची शिटी असते ना, तीच गोष्ट. बॉयलरच्या माथ्यावर एक झडप, झडपेवर एक लांब लोखंडी दांडा, आणि दांड्याच्या टोकाला सरकारी शिक्क्याचे वजन. वाफ तांबड्या रेघेच्या पुढे गेली की ती दांडा उचलते आणि बाहेर पडते. मी वाचून मराठीत सांगितले, "या दांड्यावर शिक्क्याच्या वजनाखेरीज दुसरे कसलेही वजन ठेवू नये, बांधू नये किंवा टांगू नये."

मिस्तरी म्हणाले, "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचले.

"टांगू बी नही?"

"टांगूही नये."

"हलकं ऱ्हायनं ते?"

"मिस्तरी, कसलेही म्हटलंय."

त्यांनी अर्धा कप चहा तसाच ठेवला आणि उठून गेले. जाताना आजूबाजूला पाहिले नाही. तेव्हाच मला कळायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा ते बोळात उभे होते. तिथे त्यांनी मला नारळांचे सांगितले.

शेठांच्या आईंना सगळे माजीसा म्हणत. मारवाडातून लग्न होऊन आलेल्या, गुडघ्यांनी अधू, पण गिरणीत त्यांच्या शब्दावर शब्द नव्हता. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होई. तेव्हा त्या तांबड्या फडक्यात नारळ बांधून बॉयलरला देत. बॉयलर गोल आणि गरम. नारळ बांधायचा कुठे? पहिल्या वर्षी मिस्तरींनीच सुचवले होते, "त्याले एकच हात शे. हातमा देऊत." हात म्हणजे तो दांडा. राखण करणारा नारळ काढायचा नसतो, म्हणून पुढच्या वर्षी दुसरा, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. वर्षातून एकदा साहेब तपासणीला येत. त्या वेळी बॉयलर थंड केलेला असे, आणि साहेबांची नजर लागू नये म्हणून माजीसा नारळ उतरवून देवघरात ठेवत. साहेब गेले की पुन्हा दांड्यावर. आता तिथे आठ नारळ होते. आठही मिस्तरींनी आपल्या हाताने बांधलेले. सुतळी जळते म्हणून तारेने.

"मांगला हंगाममा शेठ म्हनेत वाफ वाढावा. काटा रेघना वर गया, बाई. घंटाभर. वॉल्व्ह उडनाच नही. मी हात जोडात. माले वाटनं, देवीनी संभायं."

बोलताना त्यांचे दात वाजत होते. थंडी होती, पण तेवढी नव्हती.

"अजून एक वॉल्व्ह असतो ना?" मी विचारले.

"शे. पन तो उडेल मी कवयच देखेल नही."

सगळ्या गिरणीत सर्वांत भित्रा माणूस हा, आणि त्याने भीतीपोटीच, रक्षण व्हावे म्हणून, वाफेच्या सुटकेची एकच चालती वाट आठ वर्षे बांधून टाकली होती. मला हसू आले नाही. मला पाळणा आठवला.

माझी सवय तुम्हाला माहीत आहे. आधी हे, मग ते. मी म्हणाले, "मिस्तरी, सही होऊ द्या. पाचच दिवस राहिले. आता नारळ काढलेत तर माजीसा चिडतील, शेठ सही करणार नाहीत, आणि परीक्षाच हुकेल. तोवर काटा खाली ठेवा. सही झाली की काढा."

ते मला शहाणपणाचे वाटले. मनात दुसरेही होते. चाळ शेठांची होती, खोल्या सहज मिळत नव्हत्या, आणि आजोबा आदल्याच महिन्यात म्हणाले होते, की मालकाच्या घरच्या गोष्टीत आपण पडायचे नाही. मिस्तरींनी मान हलवली. त्यांनाही तेच ऐकायचे होते असे मला वाटले.

पुढचे दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. दुधावरचे झाकण थरथरले तरी मी पाळण्याकडे धावत होते. स्वयंपाकघराच्या भिंतीला तळवा लावून पाहत होते. ती रोजच कोमट असायची, मला ती तापल्यासारखी वाटे. शाळेत मुली कविता म्हणत असत आणि माझे कान गिरणीच्या दिशेने. तिसऱ्या दिवशी मी रजा टाकली, बाबाचे कपडे पेटीत भरले आणि टांगा बोलावला.

गिरणीच्या फाटकापाशी मिस्तरी उभे होते. टांग्याजवळ आले. "लेकराले कोठे?"

"आजोळी. धुळ्याला. आईला जरा बरं नाही."

"माय बरी शे ना?"

"आहे. म्हणजे... जरा."

त्यांनी बाबाची कानटोपी नीट केली. माझ्याकडे पाहिले नाही. "बरं करं," म्हणाले आणि आत गेले.

धुळ्याला बाबाला आईच्या हवाली करून मी दिवेलागणीला परत आले. चाळीत पाऊल टाकले आणि थबकले. गिरणीचा आवाज नव्हता. तो आवाज इतका रोजचा होता की तो थांबल्यावर माझे कान दुखले. आमच्या शेजारी शेंगा निवडणारी एक बाई राहायची. ती ओट्यावरच बसली होती. तिने सांगितले.

दुपारी, ऐन कामात, मिस्तरी बॉयलरघरातून बाहेर आले आणि शेंगा निवडणाऱ्या बायकांना म्हणाले, "आधी झोळ्या सोडा." बॉयलरघराच्या भिंतीला ऊब असते म्हणून बायका आपली तान्ही त्याच भिंतीच्या खुंट्यांना झोळ्या बांधून निजवत. बायकांना वाटले, मिस्तरींचे नेहमीचेच. पण ते ओरडले. ते कधी ओरडत नसत. पोरे रस्त्यावर गेल्यावर त्यांनी आत जाऊन सगळी आग ओढून फरशीवर काढली आणि तिच्यावर पाणी मारले. काटा खाली येईपर्यंत तिथेच उभे राहिले. मग शिडी लावून वर चढले, पक्कडने तारा तोडल्या, आणि आठही नारळ उपरण्यात घेऊन माजीसांच्या दारात ठेवले. "मी बांधात, मीच सोडात. काय व्हई ते माले व्हवो."

मी सव्वीस पावले मोजली होती. झोळ्यांपासूनची कधी मोजली नव्हती. शाळेत जाताना रोज त्या झोळ्यांवरून माझी नजर जायची.

शेठनी गिरणीभर ऐकू जाईल असे सुनावले होते, "आठ वर्षं काही झालं का? नारळानं वाचवलं म्हणून तुम्ही उभे आहात! सही विसरा." दुसऱ्या दिवशी ब्राह्मण बोलावून नारळ पुन्हा चढवायचे आणि आग दुसऱ्या कोणी पेटवायची, असे ठरले होते.

दुसरा दिवस रविवार होता. सकाळीच मी पुस्तक घेऊन माजीसांकडे गेले. आजोबांना सांगितले नाही. मिस्तरी त्यांच्या दाराबाहेर जोड्यांपाशी बसले होते, नारळ आत पाटावर होते. मी नियम वाचून दाखवला. माजीसांनी पदर पुढे ओढून ऐकले आणि म्हणाल्या, "मास्तरणी, पोथी तुझी आहे, बॉयलर माझा आहे. कागद काय, काहीही बोलतो."

"कागद ऱ्हाऊ द्या, माजी," मिस्तरी बाहेरून म्हणाले. "माले एक डाव आग पेटू द्या. नारयबिगर. काटा रेघपावत नेस. तुमी दारमा उभ्या ऱ्हावा आन् देखा. मंग बांधनं ते बांधा."

शेठ म्हणाले, "आणि फुटला तर?"

"आते नही फुटाव, शेठ. काल फुटतं."

माजीसांनी नारळांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "पेटव."

वाफ धरायला दोन-अडीच तास लागले. मिस्तरींनी सगळ्यांना फाटकाबाहेर काढले, पण फाटक सताड उघडे ठेवले. बॉयलरघराच्या दाराशी खुर्चीवर माजीसा, मागे शेठ, आणि पुस्तक छातीशी धरून मी. बाबा धुळ्याला होता, म्हणून मी उभी राहू शकले. हे मी स्वतःशी कबूल केले आहे, तुमच्याशीही करते.

काटा चढू लागला. मिस्तरी फावड्याने टरफले टाकत आणि प्रत्येक वेळी वर पाहत. दोन बोटे राहिली. एक बोट राहिले. नळांतून टकटक आवाज येऊ लागला. शेठ म्हणाले, "बस करा, मिस्तरी." मिस्तरींनी आणखी एक फावडे टाकले. काटा रेघेला टेकला.

आणि तो आवाज झाला. कसा सांगू? भोंगा नव्हे, स्फोट नव्हे. छप्पर उचलून कोणी ओरडावे तसा. पांढऱ्या वाफेचा खांब कौलांतून वर गेला. बाहेर माणसे पळाली, बायकांनी पोरे उचलली, रस्त्यावरचा टांगा उधळला. शेठ धोतर सावरत फाटकापर्यंत गेले. मी पुस्तक टाकून भिंतीला चिकटले. माजीसांना पळता येत नव्हते, म्हणून त्या बसून राहिल्या. आणि मिस्तरी दांड्याखाली उभे होते, तोंड वर करून. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होते. घाम असेल.

काटा रेघेच्या खाली उतरला, दांडा आपोआप बसला, आवाज थांबला.

माजीसांनी कानांवरचे हात काढले. "मिस्तरी, इतकी वर्षं हा आवाज कुठं होता?"

"आतमा व्हता, माजी."

माजीसांची नजर भिंतीवरच्या रिकाम्या खुंट्यांवर गेली. तिथे रोज काय टांगलेले असते हे त्यांना माहीत होते. त्या शेठना म्हणाल्या, "कागद आण. आजच सही कर."

"माजीसा, उद्या अमावास्या..."

"आजच."

नारळ माजीसांनी मेहरूणच्या तळ्यात सोडायला लावले. दुसरा वॉल्व्ह गंजून बसला होता, तो मिस्तरींनी दोन दिवस रॉकेल घालून मोकळा केला.

परीक्षा मुंबईला झाली. तिथून आल्यावर त्यांनी सांगितले, की तीन साहेब होते आणि सगळे बरे होते. काच फुटली तर काय कराल, असे एकाने विचारले. मिस्तरींना शब्द सुचेनात. मग ते खुर्चीवरून उठले, तोंड फिरवून एक हात डोळ्यांवर आडवा धरला आणि दुसऱ्या हाताने हवेतले दोन कॉक, म्हणजे काचनळीच्या वरखालच्या तोट्या, बंद केले. साहेब म्हणाले, "तोंड फिरवा असं पुस्तकात कुठं लिहिलंय?" मिस्तरींनी बाही वर केली आणि डाग दाखवला. साहेबांनी समोरच्या कागदावर बरोबरची खूण केली.

सर्टिफिकेट रजिस्टर्ड टपालाने आमच्या पत्त्यावर आले. मिस्तरींनी हात साबणाने धुतले, पुसले, तरी हातात घेतले नाही. "तुमीच वाचा." मी इंग्रजी वाचून अर्थ सांगितला. हा इसम बॉयलर सांभाळायला लायक आहे. दुसरा वर्ग. फोटोत त्यांचे डोळे एवढे मोठे झाले होते, की फोटोवाल्याच्या मागे आग लागली असावी असे वाटे.

चौकटीतला म्हातारा उतरला आणि मिस्तरी भिंतीवर चढले.

त्यानंतर तीन वर्षे मी निवांत होते. बाबा परत आला, झोळ्या दुसऱ्या भिंतीला गेल्या, आणि महिन्यातून एकदा मिस्तरी मुद्दाम वॉल्व्ह उडवून पाहत. त्या आवाजाला बाबा टाळ्या वाजवायचा. पण माजीसा गेल्या आणि शेठांच्या मनातले बाहेर आले. आपण फाटकापर्यंत पळालो होतो हे ते विसरले नव्हते. उठता-बसता "आमचे सर्टिफिकेटवाले साहेब" असे टोमणे सुरू झाले. धुळ्याच्या एका गिरणीतून मिस्तरींना बोलावणे आले. पारोळ्याच्या घरापासून ते जवळही होते.

ते निरोप घ्यायला आले तेव्हा मी तीन वर्षे मनात ठेवलेले बोलायला लागले. "मिस्तरी, त्या दिवशी टांग्यात मी... आईला काही झालं नव्हतं."

"माले माहीत व्हतं."

"मी तुम्हाला थांबा म्हटलं आणि स्वतः..."

"बाई," त्यांनी मला अडवले, "तुमी लेकरू नेयं, म्हनीसन मी आग काढी. नही ते मी सहीनीच वाट देखतू."

हे त्यांनी मला माफ करण्यासाठी म्हटले की ऐकवण्यासाठी, ते मला तेव्हा कळले नाही आणि आजही कळलेले नाही. ते हसत नव्हते, रागावलेलेही नव्हते. चहा संपवून ते उठले.

नंतर भेट झाली नाही. काही वर्षांनी ते गेल्याचे कळले. घरी, अंथरुणात, साध्या तापाने.

मिस्तरी नोकरी सोडून धुळ्याला गेले, त्यानंतर पंधरा दिवसांनी आमच्या गिरणीत नवा माणूस आला होता. तरुण, इस्त्रीच्या शर्टातला, पहिल्या वर्गाचे सर्टिफिकेट असलेला. कामावर येताना आणि जाताना शीळ वाजवायचा. काटा रेघेला लावूनच ठेवायचा, शेठ खूश होते. एकदा बोळात भेटला तेव्हा मी विचारले, "इतक्या मोठ्या बॉयलरची तुम्हाला भीती नाही वाटत?"

"भीती कसली, मॅडम?" तो म्हणाला. "सर्टिफिकेट आहे ना."

त्या महिनाअखेरीस आम्ही खोल्या सोडल्या.